भिंतीत झोपलेली उत्तर दिशा

"उत्तर पळाली," गुडघाभर बर्फात रुतलेला ताकुतो म्हणाला आणि त्याने हातातलं होकायंत्र खुळखुळ्यासारखं हलवलं.

"हलवू नकोस ना, तिला चक्कर येईल," इबुकी म्हणाला. इबुकी म्हणजे शेजारी उभ्या चिझुरुचा धाकटा भाऊ. कशाला चक्कर येईल आणि कोण रुसेल, याची त्याला फार काळजी असे.

हिवाळ्याची सुट्टी लागली होती. वर्ष संपायच्या आत युकिनो गाव कानाकोपऱ्यातली धूळ झाडून काढतं. घरं झाली, शाळा झाली, आज दवाखान्याची पाळी होती. मोठी माणसं आत बादल्या घेऊन भिडली होती. लुडबुड नको म्हणून पोरांना बाहेर पिटाळलं होतं. ताकुतोने सुक्या पर्सिमन फळांचा डबा बर्फात पुरला होता आणि होकायंत्राच्या मदतीने तो शोधायचा, असा बेत होता.

"मघाशी फाटकापाशी काटा डोंगराकडे होता," ताकुतो कुरकुरला. "इथे दवाखान्याच्या मागे आलो, तर या भिंतीकडे बघतोय. बिघडलं."

चिझुरुने होकायंत्र हातात घेतलं. ती चार पावलं डावीकडे गेली, काटा भिंतीकडे. उजवीकडे गेली, तरीही भिंतीकडेच. वर्गात खिडकीबाहेर बघत बसते म्हणून बाई तिला नेहमी बोलत. पण एखादी गोष्ट तिच्या मनात शिरली की ती तिथे मुक्काम ठोकत असे.

"उत्तर दिशा भिंतीत झोपलीये," इबुकी कुजबुजला.

चिझुरुने कानावरची लोकरी टोपी वर सरकवली आणि भिंतीला कान लावला. बर्फाने सगळ्या गावाचे आवाज पिऊन टाकले होते. त्या शांततेत भिंतीच्या आतून एक आवाज येत होता. च्युक... च्युक... च्युक... एखादं पाखरू झोपेत श्वास घेत असावं, तसा.

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. भिंतीपलीकडे एमआरआयची खोली होती. माणसाला बोगद्यात निजवून चुंबकाने त्याच्या आतलं चित्र काढणारं ते मोठं यंत्र यंदाच्या वसंतात गावात आलं होतं, आणि ते चालवायची चिझुरुची आई. रात्री जेवताना आई एकदा म्हणाली होती, "मी दिवे मालवून घरी येते गं, पण ती मात्र जागीच असते." चिझुरुला वाटलं होतं, आई तिच्या यंत्राविषयी मायेने बोलतेय. खिडकीबाहेर बघत तिने ते अर्धवटच ऐकलं होतं.

"ताकुतो, ते मशीन बंद असेल तर काटा तिकडे वळेल का?"

"बंद पंखा वारा घालतो का? काहीतरीच विचारतेस." मग ताकुतोने भिंतीकडे पाहिलं. "म्हणजे ते बंद नाहीये?"

चिझुरुला आठवलं, सकाळीच दवाखान्याच्या कचेरीचे प्रमुख कुवाबारा काका म्हणाले होते, "सगळ्यात शेवटी मशीनची खोली चकाचक करू." आणि फरशी चकाचक करायला आले होते तिचे आजोबा, आपलं लाडकं पॉलिशचं यंत्र घेऊन. ते यंत्र अस्सल लोखंडाचं होतं.

तिघं धावतच आत गेली.

चिझुरुच्या आजोबांनी उभी हयात शाळेच्या फरशा चमकवण्यात घालवली होती. ते निवृत्त झाले, पण त्यांचं यंत्र काही निवृत्त झालं नाही. आता ते त्या जडशीळ धुडाला मांजरासारखं थोपटत लांबलचक पॅसेजच्या टोकाशी, मशीनच्या खोलीच्या दारापाशी उभे होते. कुवाबारा काका एका हाताने किल्ली शोधत होते. दुसऱ्या हातातल्या लाकडी तबकात नव्या वर्षाच्या नैवेद्याचे तांदळाचे दोन गोल पांढरे गोळे होते, एकावर एक रचलेले, आणि माथ्यावर इवलंसं संत्रं.

"वसंतापासून राबली बिचारी," काका म्हणत होते. "तिच्यापुढे एवढं ठेवायलाच हवं. पण आधी फरशी आरशासारखी करून द्या, दादा."

"आत जाऊ नका," चिझुरु धापा टाकत म्हणाली. "ती जागी आहे."

"कोण जागी आहे?"

"मशीन. तिच्यातलं चुंबक. हे बघा." तिने होकायंत्र पुढे धरलं. काटा त्या बंद दाराकडे रोखून उभा होता.

काका हसले. "अगं, दारच लोखंडी असेल. कालपासून रुग्ण नाहीत, दारावरचा दिवा विझलाय. तिलाही सुट्टी लागली. धोका असता तर दारावर पाटी नसती का लावली?"

ताकुतोने पॅसेजच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे शेगडीपाशी दोरीवर साऱ्या दवाखान्यातल्या पाट्या धुऊन वाळत घातल्या होत्या. लाल चुंबकाचं चित्र असलेली मोठी पाटी मधोमध ठिबकत होती.

"धुताना वाचली नाहीत का, काका?" ताकुतोने विचारलं.

"तोंड आवर," काका म्हणाले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "ती रुग्णांसाठी असते. चला दादा, अंधारायच्या आत आटपू."

चिझुरुने आईला फोन लावला. आई आजीला आणायला आगगाडीने गेली होती, आणि ती वाट नुसती बोगद्यांची. फोन लागेना. काका आजोबांचं यंत्र मशीनच्या खोलीत नेताहेत, असा निरोप तिने ठेवला. आजोबांनी यंत्राची वायर गुंडाळून खांद्यावर टाकली होती. त्यांनी आपल्याला कडेवर घेऊन याच यंत्राचं गाणं ऐकवलं होतं, हे तिला आठवलं, आणि ती फार घाबरली. आजोबांना काही झालं तर?

मोठ्यांशी वाद घालून उपयोग नव्हता. मग तिची नजर कोपऱ्यातल्या, फरशीला लावायच्या मेणाच्या बादलीवर गेली.

आजोबांचा एक नियम साऱ्या गावाला पाठ होता. ओल्या मेणावर पाऊल टाकायचं नाही. एकदा खुद्द मुख्याध्यापकांना त्यांनी अर्धा तास पावसात उभं केलं होतं.

"इबुकी," ती हळूच म्हणाली, "आजोबांना काहीतरी विचार. लांबलचक उत्तर येईल असं."

इबुकी लगेच पुढे झाला. "आजोबा, तुमच्या यंत्राला थंडी वाजते का हो?"

आजोबांना आणखी काय हवं होतं? ते वाकून इबुकीला ब्रश, पट्टा आणि मोटार दाखवू लागले. ताकुतो काकांच्या पुढ्यात उभा राहून तबकातलं संत्रं खरं की प्लास्टिकचं, यावर हुज्जत घालू लागला. चिझुरुने लांब दांड्याचं पुसणं मेणात बुडवलं आणि दारासमोरची फरशी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सारवून काढली.

आजोबा वळले आणि जागीच थांबले. "हे कुणी केलं?"

"मी," चिझुरु म्हणाली. "मदत केली."

"चला, चला, टाचांवर जाऊ," काका म्हणाले आणि त्यांनी पाय उचलला.

"खबरदार." आजोबांनी त्यांची बाही धरली. "वाळेपर्यंत कोणी जाणार नाही. मीसुद्धा नाही."

काकांनी घड्याळ पाहिलं, सुस्कारे सोडले. खिडकीबाहेर कापसासारखा बर्फ उतरत होता. मेणाच्या ओल्या पट्ट्यात दिव्यांचे पिवळे डाग तरंगत होते, आणि दारापलीकडून तो आवाज येत होता. च्युक... च्युक... आता आजोबाही कान देऊन ऐकू लागले. "सुट्टीवर गेलेलं यंत्र असा आवाज करतं का हो, कुवाबारा?"

तेवढ्यात चिझुरुचा फोन वाजला.

"बाबा कुठे आहेत?" आईचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "बाबा, तुमचं यंत्र कुठे आहे?"

"दाराबाहेर," आजोबा म्हणाले. "पोरीने मेण लावून अडवलंय."

आई बोलली तेव्हा ती रडते आहे हे कळत होतं. "बाबा, ते चुंबक कधीच बंद नसतं. दिवे गेले, गाव झोपलं, तरी नसतं. तुम्ही यंत्र आत ढकललं असतं, तर ते हातातून सुटून बोगद्यावर जाऊन आदळलं असतं. तुम्ही मध्ये असता तर..."

काकांनी तबक बाकावर ठेवलं आणि किल्ली मुठीत घट्ट धरून ते खाली बसले.

संध्याकाळी आई आली ती आधी चिझुरुच्या गळ्यात पडली. मग शेगडीपाशी जाऊन तिने चुंबकाची पाटी उतरवली आणि सगळ्यात आधी तीच दारावर लावली. खोली तिने एकटीनेच पुसली, लाकडी दांड्याच्या झाडूने आणि फडक्याने. आत शिरण्यापूर्वी तिने किल्ल्या, केसांतल्या पिना, फोन सारं काढून ठेवलं. थंडीसाठी पाठीला चिकटवलेली उबेची पुडीसुद्धा सोलून काढली.

"त्यात काय आहे?" इबुकीने विचारलं.

"लोखंडाचा भुगा. तिला तोही चालत नाही."

तांदळाचे गोळे दाराबाहेरच्या मेजावर मांडले. कुवाबारा काका तिन्ही मुलांपुढे कंबरेत वाकले. "मोठ्या माणसाने ऐकायला हवं होतं. चुकलो मी. तुमच्यामुळे आज आम्ही सगळे घरी जाणार आहोत."

आजोबा मात्र गुडघ्यांवर बसून दारासमोरची वाळलेली फरशी निरखत होते. चिझुरु त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"रागावलात?"

"मेण फार वाईट लावलंयस," आजोबा म्हणाले. "कुठे जाड, कुठे पातळ, भिंतीवरसुद्धा शिंतोडे." त्यांनी त्या ओबडधोबड पट्ट्यावरून अलगद हात फिरवला. "पण ही फरशी मी कधी घासणार नाही. कुणाला घासूही देणार नाही."