लांब असेल त्याची पाळी

उन्हात नुकताच जवळा पसरला होता. त्यात टपकन् पांढरा चेंडू येऊन पडला.

आमच्या मच्छीमार नगरच्या कुंपणापलीकडं जुनं गोल्फचं मैदान आहे. तिकीट काढलं की कोणीही खेळावं. चेंडूमागनं एक माणूस आला. साठी ओलांडलेला, हातात लोखंडी काठी.

"बाई, तो चेंडू..."

"जवळ्यात पाय टाकलात तर तंगडं मोडीन."

तो हसला. पळाला नाही – हे मी ध्यानात ठेवलं. नाव कुशाबा. लालबागला मिरची कांडायचं दुकान, आता लेक बघतो. बायको वारलेली. माझाही नवरा नाही.

"हात रागीट आहे तुमचा. एक फटका मारून बघा की, सुभद्राबाई."

लुगडं खोचलं आणि मारला. चेंडू पार झाडांपलीकडं! मग सकाळी जायचीच सवय लागली. सुना कुजबुजल्या. कुजबुजू देत. बोट माझ्या नावावर आहे, त्यांच्या नाही.

एकदा मी म्हटलं, "तुमच्या हातांना मसाल्याचा वास येतो."

"आणि तुमच्या हातांना..."

"बोला, बोला पुढं!"

"...ज्याला मसाला लावतात, त्याचा."

मी पदर तोंडाला लावला. हसू दिसायला नको होतं.

या खेळात एक रीत आहे. भोकापासून ज्याचा चेंडू लांब, त्यानं आधी मारायचं. माझाच लांब असायचा.

मे सरला. पावसासाठी मैदान बंद व्हायच्या आदला दिवस. शेवटच्या भोकाशी आलो, तेव्हा तो सहज बोलावं तसं बोलला, "परवा वेंगुर्ल्याला चाललो. भाऊ म्हणतो, कायमचाच ये."

माझी मूठ काठीवर आवळली. 'जाऊ नका' एवढंच म्हणायचं होतं. पण नवरा दर्यावर जायचा तेव्हासुद्धा मी त्याला कधी थांब म्हटलं नव्हतं.

"काही बोलायचंय तुम्हाला?" त्यानं विचारलं.

"मला कशाला? तुम्हालाच असेल."

"चेंडू तुमचा लांब आहे. रीतीनं पाळी तुमची."

मी चेंडूकडं बघितलं. लांब होता खरा. मग त्याच्याकडं बघितलं.

"मी तर इथंच आहे. वेंगुर्ल्याला कोण चाललंय? सांगा, लांब कोण?"

त्यानं टोपी काढली. कान लाल झाले होते.

"मी..." तो हळूच म्हणाला. "म्हणजे पाळी माझी. सुभद्राबाई, मला जायचं नाही. तुमच्यासोबत राहायचंय... चालेल तुम्हाला?"

"उद्या या. पावसाआधी जवळा भरायचाय. येताना मसाला आणा."

"हे उत्तर झालं?"

मी वाकले. माझा चेंडू उचलला आणि त्याच्या चेंडूला खेटून नेऊन ठेवला. रीत मोडली. मोडू दे.