वसंताच्या छाप्यातली बाई

अँटवर्पला वसंत येतो तो आधी आमच्या टेबलावर. नवरा, जोरिस, तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरतो. छापखान्यातून त्याचे छापे आणून मी रंगवते. त्या दुपारीही छापे आणले, तान्ह्या लिस्केनला कापडी पट्ट्यांत घट्ट गुंडाळून पाळण्यात ठेवलं आणि खिडकीशी बसले.

चित्र नेहमीचंच. वाफे खणणारे गडी, मेंढ्या कातरणाऱ्या बायका, झाडाखाली पाळण्यात बाळ. पार लांबच्या वाफ्याशी गवती टोपीतली एक पाठमोरी बाई, बी पेरणारी.

आमच्यात एक रंग सगळ्या छाप्यांना देऊन मगच दुसरा घेतात. हिरवा झाला. पिवळा घेऊन टोपी शोधू लागले. पहिल्या छाप्यावर बाई वाफ्याशीच होती. पुढच्यावर मेंढ्यांपाशी. त्याच्या पुढच्यावर झाडाखाली, पाळण्यावर वाकलेली...

"जोरिस, ही बाई तू कितीदा कोरलीस?"

"एकदाच. अगं, एकाच पत्र्याचे छापे ते. तांब्याला काय पाय फुटतात?" त्यानं पत्रा दाखवला. तांब्यात सगळं उलटं असतं, डावं ते उजवं. पण बाई वाफ्याशीच होती. छापे बघायला तो थांबलाच नाही.

"बाळंत झाल्यापासून हिला दुधाच्या सायीतही तोंडं दिसतात," सासूबाई चुलीजवळून म्हणाल्या.

मला ते पटलं. मला कुणाचंही पटतं.

शेवटचा छापा उचलला. बाई नव्हती. झाडाखालचा पाळणा रिकामा.

खोलीत नुकत्याच खणलेल्या मातीचा वास आला. मी धावले. लिस्केन शांत झोपली होती. पट्ट्या मात्र उलट्या बाजूनं गुंडाळलेल्या.

"तुम्ही सोडल्या होत्या का?"

"मी कशाला सोडू? तूच गुंडाळल्यास की मघाशी."

असतील मीच गुंडाळल्या. उचलून पाजायला घेतलं. जन्मल्यापासून लिस्केन डाव्या बाजूलाच पिते. उजवीकडे धरलं की घर डोक्यावर घेते. आज तिनं डावीकडून तोंड फिरवलं, आपणहून उजवीकडे वळली आणि पोटभर प्याली.

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या, "सुटला एकदाचा हट्ट."

बाकीचे छापे विकले गेले. शेवटचा मी कपड्यांच्या पेटीत ठेवलाय. त्यातल्या पाळण्यात आता बाळ आहे. डोळे मिटलेले, तोंड डावीकडे वळलेलं, रडताना असतं तसं उघडं. त्याच्या गालांना रंग द्यायचा राहिलाय... ब्रश उचलते आणि परत ठेवते.