मोरपंखी दोरा

मुलांच्या पुस्तकांवर ‘वयोगट आठ ते दहा’ असं छापणाऱ्या माणसाला एकदा माझ्या टेबलाशी आणून बसवलं पाहिजे. आठ वर्षांचं एखादं पोर जाडजूड कादंबरी गिळून ढेकर देतं, आणि दहा वर्षांचा घोडा चित्रांच्या पुस्तकाला बिलगून बसतो. त्यावर आईबापांचं पालुपद ठरलेलं, ‘बोधपर काही आहे का?’ जणू मी इथे काढे विकायला बसले आहे.

वाचनालयाचा बालविभाग मी सांभाळते. तळमजल्यावरची लांबट खोली, कमरेइतकी कपाटं, खिडकीखाली चटई, बसायला बुटकी स्टुलं. माझ्या टेबलामागे भिंतीवर एक कॅलेंडर असतं, रोज एक पान फाडायचं. खोलीला सदा डिंकाचा वास येतो. मी वाळवीवर आणि धुळीवर विश्वास ठेवणारी बाई आहे, बाकी काहीही डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानत नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकून कुणी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघायला नको.

कुठल्या मुलाला कुठलं पुस्तक द्यावं यात माझा हातखंडा आहे, असं लोक म्हणत. खरा हातखंडा होता माझ्या भाचीचा. धाकट्या बहिणीची एकुलती एक. तिला आम्ही सगळे खार म्हणायचो, कारण आवडलेली पुस्तकं ती दुसऱ्या पुस्तकांमागे दडवून ठेवायची. का, तर योग्य मूल येईपर्यंत ती भलत्याच्या हाती पडू नयेत! बहीण घरी स्वेटर विणून देते. तिच्या कामात लुडबुड नको म्हणून शाळा सुटली की खार थेट माझ्याकडे यायची. ती मला मावशी म्हणायची, म्हणून झाडून सगळी पोरं मला मावशी म्हणू लागली.

नवीन मूल दारात घुटमळलं की खार पुढे व्हायची आणि एकच प्रश्न विचारायची, “रुसल्यावर कुठे बसतोस?”

कुणी म्हणे टेबलाखाली, कुणी गच्चीवर, कुणी न्हाणीघरात कडी लावून. टेबलाखालच्याला ती बिळात राहणाऱ्या घुशीची गोष्ट द्यायची आणि गच्चीवाल्याला समुद्रावर निघालेल्या गाढवाची. एक मुलगा ऐटीत म्हणाला, मी रुसतच नाही. तिने त्याच्याकडे फार कीव करून पाहिलं आणि एक अतिशय दुःखी पुस्तक हातात ठेवलं. चौथ्या दिवशी तो नाक पुसत आला आणि म्हणाला, आणखी असलंच दे.

दोऱ्याची पद्धतही तिचीच. वाचताना जिथे रडू आलं त्याच्या आधीच्या पानात आईच्या उरलेल्या लोकरीचा एक दोरा घालून ठेवायचा. पुढच्या वाचणाऱ्याला कळावं, की आता सांभाळ. दोरा दिसला की एकट्याने वाचायचं नाही, कुणाच्या तरी शेजारी जाऊन बसायचं. दोऱ्याला गाठ असेल तर पुढे सगळं ठीक होतं. गाठ नसेल तर नाही होत. “खोटी गाठ मारायची नाही हं,” ती मुलांना बजावायची, “नाहीतर तुमच्यावर कुणी कधी विश्वास ठेवणार नाही.” तेव्हापासून आमच्या बालविभागात दुपारी दोन-दोन मुलं खांद्याला खांदा लावून बसलेली दिसायची. त्यांतलं एक आपलं पुस्तक वाचत असायचं आणि दुसरं नुसतं सोबतीला. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याहून गोड काही मी पाहिलेलं नाही.

कॅलेंडरचं पान फाडायचा मानही तिचाच. मी सकाळी फाडायचं नाही, तिची वाट बघायची. स्टुलावर चढून ती बोटाला थुंकी लावायची आणि पान ओढायची. डावीकडचा कोपरा दरवेळी तिथेच राहायचा. मी ओरडायचे, नीट फाड की गं! ती म्हणायची, कालचा दिवस थोडा उरू दे ना.

गेल्या थंडीत खार आजारी पडली आणि थंडी सरायच्या आत गेली.

बहीण तेव्हा तिच्यासाठीच स्वेटर विणत होती, मोरपंखी रंगाचा. असली लोकर तिने कधी आणली नव्हती, लेकीने हट्ट केला म्हणून खास मागवली. एक बाही राहिली होती. सुया तशाच ठेवून तिने ते सगळं पिशवीत कोंबलं, पिशवी कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. त्यानंतर तिने सुई हातात धरली नाही. मेहुण्यांनी केव्हाच दुसरीकडे संसार थाटलेला. मी लग्न केलं नाही, आईवडील आता नाहीत. म्हणजे जगात मला ती आणि तिला मी. रोज संध्याकाळी डबा घेऊन जायचे, तर सकाळचा डबा तसाच. लेकीच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची. वाळून काडी झाली होती. मला दुसरी कसली भीती नव्हती, हीसुद्धा जाईल एवढीच होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी नवीन पुस्तकांचे खोके आले. खोके मीच फोडते, मीच शिक्के मारते. नव्या पुस्तकाची पानं कधीकधी कडेला जोडलेलीच राहतात, छापखान्यात नीट कापली जात नाहीत. असंच एक पुस्तक मी सुरीने सोडवत होते. दीपगृहात राहणाऱ्या मुलीची गोष्ट. दोन पानं कडेला घट्ट जोडलेली होती. सुरी फिरवली, पानं उघडली, आणि आतून एक दोरा माझ्या मांडीवर पडला.

मोरपंखी, लोकरीचा, आणि मधोमध गाठ असलेला.

मी ते पान वाचलं. पुढच्याच पानावर दिवा विझतो आणि मुलीचे बाबा परत येत नाहीत. शेवटी येतात.

बांधणी करताना कुणाच्या तरी कपड्याचा दोरा गेला असेल, असं मी स्वतःला समजावलं आणि दोरा खणात टाकला. दुसऱ्या पुस्तकात दोरा निघाला तेव्हा मी खोका बंद केला आणि बाहेर जाऊन पाणी प्यायले.

मग मुलं सांगू लागली. दातांवर तार बसवलेली एक मुलगी, नुकतीच सभासद झालेली, खारीला तिने कधी पाहिलेलंही नव्हतं. टेबलावर पुस्तक ठेवून म्हणाली, “मावशी, हे लिहून घ्या.”

“हे कुठून काढलंस? हे तर मागच्या ओळीत होतं.”

“त्या ताईने काढून दिलं.”

“कुठल्या ताईने?”

तिने खिडकीकडे बोट केलं. चटईवर कुणी नव्हतं. “आत्ता होती. तिने मला विचारलं, रुसल्यावर कुठे बसतेस.”

माझ्या हातातला शिक्का तारखेवर तिरका पडला.

“मग तू काय म्हणालीस?”

“जिन्यात,” ती म्हणाली. “मावशी, पुस्तक चांगलं आहे ना?”

चांगलं होतं. जिन्यात रुसणाऱ्या मुलीला मीही तेच दिलं असतं.

त्या संध्याकाळी बहिणीकडे गेले आणि आडून आडून विचारलं, ती पिशवी कुठे आहे? ती उठली, किल्ली शोधली आणि कपाट उघडलं. पिशवीला तिने मारलेली गाठ तशीच होती. आत स्वेटर होता. जी बाही पूर्ण झाली होती ती मनगटापासून कोपरापर्यंत उसवलेली. सुटलेली लोकर कुठेच नव्हती.

“मी नाही उसवली गं ताई,” ती म्हणाली.

मी पर्समधून दोरे काढून तिच्या हातावर ठेवले आणि सगळं सांगितलं. सांगायला नको होतं का? काय माहीत. ती दोरे चाचपत राहिली. एकेक गाठ अंगठ्याने दाबून बघत होती. मग तिने विचारलं, “डब्यात काय आणलंयस?” आणि समोर बसून पोटभर जेवली. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवसापासून ती बालविभागात येऊ लागली. बुटक्या स्टुलावर गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि विणायची. उसवलेली बाही पुन्हा कोपरापासून धरली. “लोकर कमी पडायला नको तिला,” म्हणाली आणि त्याच रंगाची आणखी मागवली. मुलं तिच्याशेजारी येऊन टेकायची, दोऱ्याची पानं तिच्या सोबतीने वाचायची. चेहऱ्यावर रंग आला. एकदा तर ती हसली, वर म्हणाली, “ताई, तुझ्या या पोरांपुढे तू अगदीच बावळट दिसतेस.” मी मनात म्हटलं, खुशाल म्हण बाई, काय वाटेल ते म्हण. घरात आलेलं सुख कुठल्या दाराने आलं हे मी विचारणार नव्हते.

पावसाळा ओसरला तशी ती म्हणाली, “थंडीच्या आत होईल बघ स्वेटर पुरा.”

त्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी मी कॅलेंडरचं पान फाडायला हात लावला. खालच्या कडेला काहीतरी लोंबत होतं. मला वाटलं, कोळिष्टक.

दोरा होता.

आजच्या पानात नव्हता. पुढे होता, अजून न आलेल्या पानांमध्ये. मी पानं उचलून पाहिलं. तारीख सांगत नाही. थंडी तेव्हा सुरू झालेली नसेल एवढंच सांगते.

दोरा मी दोन बोटांत धरून वरपासून खालपर्यंत ओढला. पुन्हा एकदा ओढला.

गाठ नव्हती.

कॅलेंडर माझं आहे. माझ्याखेरीज त्याला कुणी हात लावत नाही. दोरा वाचणाऱ्यासाठी असतो, म्हणजे रडायचं मला आहे. आणि ज्याच्यासाठी मी रडावं असं माणूस मला एकच उरलं आहे.

दुपारी बहीण आली. कॅलेंडरातल्या दोऱ्याचं मी तिला सांगितलं नाही. ती कपाटांच्या मागे आपल्या कोपऱ्यात जाऊन बसली. सुयांचा आवाज येत होता. मग तो थांबला.

“पलंगावर,” ती कुणाला तरी म्हणाली. अगदी हळू, झोपलेल्या मुलाशी बोलावं तसं. “तुझ्याच पलंगावर बसते. तू गेल्यापासून रुसूनच बसलेय मी.”

मी खुर्चीतून उठले आणि तिथेच उभी राहून ऐकत राहिले.

ती कपाटामागून आली तेव्हा तिच्या छातीशी एक पातळसं पुस्तक होतं. हिवाळ्यात घर शोधत निघालेल्या हरिणीचं, मीच कधीतरी विकत घेतलेलं. तिने ते माझ्यासमोर उघडून धरलं. मोरपंखी दोरा शेवटच्या पानाच्या आधी होता.

“गाठ आहे गं ताई,” ती म्हणाली. डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. “बघ ना. पुढे ठीक होतं.”

मी बघितलं. चांगली घट्ट गाठ होती. खारीने कधी खोटी गाठ मारली नाही. म्हणजे दोन्ही दोरे खरे होते, आईला दिलेला गाठीचा आणि मला दिलेला बिनगाठीचा.

त्याच दिवशी मी चार कपडे घेऊन तिच्याकडे राहायला गेले. दोरा दिसला की शेजारी बसायचं असतं. तिला म्हटलं, माझ्या घरी रंगकाम काढलंय. डॉक्टरांकडेही नेऊन आणलं. ते म्हणाले, प्रकृती उत्तम आहे, वजनही वाढलंय. ती रोज विणते. राहिलेली दुसरी बाहीही आता मनगटाशी आली आहे.

कॅलेंडरला मी हात लावणं सोडून दिलं. पान फाडलंच नाही तर ते पान येणार कसं, असा पोरकट हिशेब. बालविभागाची किल्ली माझ्या कमरेला असते, सकाळी कुलूप मीच काढते.

रोज सकाळी तारीख बरोबर असते. कालचं पान फाडलेलं असतं आणि डावीकडचा कोपरा तेवढा राहिलेला असतो.