बिनजोडाची टोपली

टीव्ही बंद करा. जय, पाय हलवू नकोस, डोकं फिरतं माझं.

आमचा ज्ञानदेव, माझा जुना दोस्त, सिएटलचा. त्याच्याच तोंडून ऐकलंय, खोटं असेल तर माझी जीभ झडो. गेल्या साली एकोणीस जुलै, शनिवार. गडी डोंगरात हकलबेरी, म्हणजे तिकडची रानफळं, तोडायला आणि बर्चच्या झाडाची साल आणायला गेला. त्याच्या मुलीला, दीक्षाला, सातवा महिना. बाळाला निजवायला सालीची टोपली करायची होती.

हे काम त्याला एल्सीमावशीनं शिकवलं. कॅरिअर नावाच्या आदिवासी जमातीची म्हातारी, मूळची कॅनडाची. त्याआधीच्याच हिवाळ्यात वारली. तिचा नियम एकच. साल एका बाजूनंच काढायची, वरवरची. सगळीकडून सोललं की झाड मेलं.

याला मात्र बिनजोडाची, एकाच अखंड सालीची टोपली हवी! घातला चाकू खोल, फिरवला गोल, नि सबंध साल उतरवली.

"पण आजोबा, त्यांना रूल माहीत होता ना?" राधिका म्हणाली.

"होता. म्हणून तर गाढव म्हणतो त्याला."

रात्री पावणेदहाला, अंधार पडल्यावर, तो गाडीकडे निघाला. हातात बेरीची बादली, काखेत साल. मागं आवाज आला, साल सोलल्यासारखा. चर्र... हा थांबला. आवाज थांबला. हा चालला. चर्र...

कुणीतरी मनगट धरलं. डावं.

"मावशी?"

...

ती असती तर चार शिव्या तरी दिल्या असत्या. हे बोलतच नव्हतं.

पातं टेकलं. मनगटाभोवती फिरलं. गोल. मग कातडी ओढली. थेट कोपरापर्यंत. एकसंध. हातमोजा उतरवावा तशी. तो किंचाळला. लाथा झाडल्या. लाथा हवेतच. तोंडात माती. बेरीवर रक्त. मग... उजवं मनगट धरलं.

"बाळासाठी नेतोय!" तो रडला. "बाळासाठी..."

पकड सुटली.

जयचा आवाज बारीक झाला. "सो... इट स्टॉप्ड?"

"हो. 'बाळ' ऐकलं, आणि सोडलं."

...

मांडीची कातडी लावून डॉक्टरनं हात वाचवला. सप्टेंबरात त्याला नात झाली. ठणठणीत. मी बघायला गेलो, मांडीवर घेतली, झबल्याची बाही जरा वर सरकवली.

इवल्याशा मनगटाभोवती बारीक भोकं. गोल. सारख्या अंतरावर. टोपली शिवण्याआधी सालीला पाडतात, तशी.