प्राणहानी नाही

मध्य भारताचं सरकार होतं तेव्हाची गोष्ट. दिवाकर सरकारी टांग्यात बसून भोंग्यावरून खबरा सांगत फिरायचा. नळाला पाणी कधी, लस कुठे टोचणार, कोण पाहुणे येणार. आवाज असा खणखणीत की बाया पोळी तव्यावर टाकून दारात यायच्या. दिवाकर म्हणाला म्हणजे खरंच, असं जुन्या इंदुरात लोक धरून चालत.

गिरणीत बॉयलर फुटला, त्याच्या दुसऱ्या दिवशी वरून हुकूम आला. 'अपघातात प्राणहानी नाही' असं गल्लोगल्ली सांगायचं. परदेशातलं कुठलंसं बडं मंडळ गिरणी बघायला यायचं होतं, त्यांच्या मदतीवर सगळ्यांचा डोळा. वर्तमानपत्रांनीही तेच छापलं, अक्षर न बदलता.

आणि दिवाकर त्याच सकाळी धाकट्या भावाला, अच्युतला, अग्नी देऊन आला होता. चेहरा काही उरला नव्हता. डाव्या मनगटावरचा डाग बघून ओळखलं. अच्युत डावरा. जेवायला बसला की पाण्याचं भांडं उजवीकडे ओढून घ्यायचा. आईनं एकदा चिडून त्या हातावर तापलेलं उलथनं टेकवलं होतं. तरी सवय गेली नाही बेट्याची.

"साहेब, मला सुतक आहे," दिवाकर कचेरीत म्हणाला.

"प्राणहानीच नाही, तर सुतक कसलं भिया?" साहेब म्हणाले. हसले नाहीत.

नोकरी होती. चढला टांग्यात. अच्युतच्या दारावरून जातानाही आवाज मात्र नेहमीसारखाच खणखणीत निघाला. त्याची त्यालाच लाज वाटली.

दहाव्याला खान नदीच्या घाटावर पिंड ठेवले. गिरणीतल्या आणखी दोन-तीन घरांचेही होते. समोरची चिंच कावळ्यांनी काळी झालेली, पण एकही खाली येईना. "शालिनीला अंतर देणार नाही रे," दिवाकर हात जोडून म्हणाला. शालिनी अच्युतची बायको. कावळे मान वाकडी करून त्याच्याकडे बघत राहिले. ऊन चढलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा शिववला आणि सामान आवरलं.

दिवाकर तिथून अच्युतच्या घरी आला, तर शालिनी पान वाढत होती. कपाळावर ताजं कुंकू.

"हे काय करतेस, शालिनी?"

"यांचं पान वाढते. तुम्हीच तर सांगून गेलात ना भाऊजी, भर गल्लीत." तिनं वरण वाढलं. "रोज येतात. बोलत नाहीत काही. अंगाला धुराचा वास येतो, बस. तुम्ही थांबू नका, तुमच्यासमोर यायचे नाहीत."

दुःखानं डोकं फिरलं हिचं, असं दिवाकरला वाटलं. मग त्यानं खाली पाहिलं. उंबऱ्यापासून पाटापर्यंत राखेची पुसट पावलं होती. सगळी आत येणारी.

त्याच्या लक्षात आलं. ज्याला जायचंय, त्याला आपणच भोंग्यावरून दारात धरून ठेवलंय. तो तसाच टांग्याकडे गेला.

"बाबूजी, आज क्या बोलना है?" टांगेवाल्यानं विचारलं.

"तू चल फक्त."

गल्लीच्या तोंडाशी त्यानं भोंगा सुरू केला. "गिरणीत माणसं मेली. माझा भाऊ अच्युत मेला. मी स्वतः त्याला अग्नी दिला."

बाया पोळी तव्यावर टाकून दारात आल्या.

मग नदीकडून कावळ्यांचा एकच कलकलाट उठला.

"सुटलास रे बाबा," दिवाकर म्हणाला आणि टांग्यातच रडला. नोकरी गेलीच होती. त्याचं काही वाटलं नाही.

तो अच्युतच्या घरात शिरला. शालिनी पाटासमोर बसून होती. कपाळ पुसलेलं.

"भरल्या ताटावरून उठवलंत त्यांना, भाऊजी."

भात कालवलेला होता. बोटांच्या खुणा अजून त्यात होत्या.

पाण्याचं भांडं उजवीकडे होतं. दिवाकरनं ते उचलायला हात घातला आणि चटका बसून मागे घेतला.

आतलं पाणी उकळत होतं.