दुसऱ्या किल्लीचा क्रमांक

सकाळी अकराला दैनिकाच्या संपादकांचा फोन आला, तसे भिंगवाले चहा अर्धा टाकून निघाले. तीस वर्षं त्यांनी पोलिसांसाठी हस्ताक्षरं तपासली होती. नोकरी सुटली, पण भिंगवाले हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

संपादकांच्या खोलीचं दार बंद होतं आणि आत खडाजंगी चालली होती. बाहेर ताटकळताना भिंगवाल्यांनी फलकावरची यादी वाचून काढली. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नावापुढे त्याच्या कुलूपबंद ईमेलच्या जाहीर किल्लीचा क्रमांक होता.

आत चौघं होती. संपादक, त्यांचा मेहुणा म्हणजेच उपसंपादक, वार्ताहर बाई, आणि कोपऱ्यात पाणीखात्याच्या प्रयोगशाळेतली रसायनतज्ज्ञ. नळाच्या पाण्यात शिसं सापडूनही अहवाल बदलले जातात, हे तिनं महिनाभर कुलूपबंद ईमेलनं वार्ताहर बाईंना कळवलं होतं. बातमी उद्या छापायची होती. आणि आज तिच्याच पत्त्यावरून पत्र आलं होतं: 'मी सगळं रचून सांगितलं. माफ करा.'

"ही बाई आम्हाला तोंडघशी पाडणार होती," संपादक म्हणाले.

"ते पत्र माझं नाही. चौथ्यांदा सांगतेय," ती म्हणाली.

मेहुण्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पत्र वार्ताहर बाईंच्या खासगी किल्लीनं उघडलं, म्हणजे अस्सलच; बातमी रद्द करावी आणि हिच्यावर तक्रार ठोकावी, असं त्याचं म्हणणं पडलं.

भिंगवाले वार्ताहर बाईंकडे वळले. "तुमची जाहीर किल्ली कुणाकडे असते?"

"कुणाकडेही. आमच्या संकेतस्थळावरच आहे."

"तिनं काय होतं?"

"पत्राला कुलूप लागतं. ते उघडतं फक्त माझ्या खासगी किल्लीनं."

"म्हणजे कुलूप कोणीही लावू शकतं."

बाईंनी जुनी पत्रं उघडली. पाठवणाऱ्याचा पत्ताही खोटा घालता येतो, हे त्यांनी मग स्वतःहूनच सांगितलं. आधीच्या अकराही पत्रांवर रसायनतज्ज्ञ बाईंच्या खासगी किल्लीनं केलेली सही होती. आजच्या पत्रावर नव्हती.

"विसरली असेल," मेहुणा म्हणाला.

भिंगवाल्यांनी पत्राचा तांत्रिक तपशील उघडायला लावला. पत्र दोन किल्ल्यांसाठी कुलूपबंद केलेलं होतं. एक क्रमांक वार्ताहर बाईंचा. दुसऱ्याचा शेवट होता ९१सी४. रसायनतज्ज्ञ बाईंचा क्रमांक ताडून पाहिला, तो निराळाच निघाला.

"तुम्ही कधी असं पत्र पाठवलंय?" भिंगवाल्यांनी मेहुण्याला विचारलं.

"छे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"पण किल्ली आहे?"

"शिकवणीत सगळ्यांचीच बनवली होती. पडून आहे."

भिंगवाल्यांनी बाहेर जाऊन फलकावरची यादी काढून आणली आणि संपादकांपुढे ठेवली. ९१सी४ मेहुण्याच्या नावापुढे होतं.

"पाठवणाऱ्याला आपलं पत्र पुन्हा वाचता यावं, म्हणून असे प्रोग्रॅम त्याचीही किल्ली आपोआप जोडतात," ते म्हणाले. "रसायनतज्ज्ञ बाईंनी लिहिलं असतं, तर त्यांची जोडली गेली असती. यांनी पत्ता बाईंचा घातला, कुलूपही बरोबर लावलं. पण सहीला बाईंची खासगी किल्ली हवी, ती कुठून आणणार?"

"माझा क्रमांक कोणीही घालेल," मेहुणा म्हणाला. "तो तर जाहीरच आहे."

"खरं आहे. मग तुमच्या संगणकात या पत्राची प्रत नसणार. चला, बघू."

मेहुणा जागचा हलला नाही. संपादकांनी दोनदा उठ म्हटलं. तिसऱ्यांदा ते ओरडले, तेव्हा कुठे त्यानं तोंड उघडलं. पाणीखात्यात प्रसिद्धिप्रमुखाची जागा रिकामी होत होती. बातमी थांबली तर ती त्याला मिळणार होती.

"ताईला काय सांगाल?" त्यानं विचारलं.

"जे उद्या छापीन, तेच," संपादक म्हणाले आणि त्याला दार दाखवलं.

मग त्यांनी रसायनतज्ज्ञ बाईंपुढे हात जोडले. तिनं ते पाहिलं न पाहिलंसं केलं. वार्ताहर बाईंकडून बातमीचा खर्डा मागून घेतला, पेन काढलं, आणि पहिल्या ओळीपासून आकडे तपासायला बसली.