सातावर थांबणारा काटा

माझी सुलक्षणा मावशी खोटारडी नाही. जिथं ती खोटी वागली, तेवढंच ह्या हकिकतीत आहे. देवापुढे बसून तिनं माझ्या आईला जसं सांगितलं, तसंच लिहिते आहे. पदरचा एक शब्द घातलेला नाही.

१९८७ साल. संक्रांत बुधवारी झाली, त्यानंतरचा शुक्रवार. अंधेरी पूर्वेला, मरोळच्या औद्योगिक वसाहतीत.

दुपारचे अडीच वाजले होते. हो, दुपारचेच. भर उन्हात घडलं हे.

मावशी तिथल्या एका इस्त्र्यांच्या कारखान्यात टूल रूम सांभाळायची. इस्त्रीच्या आत वायर पकडणारा एक स्क्रू असतो. तो सैल राहिला तर वायर तापते, जळते. जास्त आवळला तर आटे जातात. म्हणून लाइनवरच्या बायकांना खास स्क्रूड्रायव्हर दिलेले असायचे. ठरलेला जोर आला की आतली स्प्रिंग ‘टक्’ करून सुटायची. मग कितीही फिरवा, स्क्रू पुढे जायचा नाही. तो जोर टूल रूममध्येच ठरवून वर सील लावायचं. मावशी प्रत्येक ड्रायव्हर तपासणीच्या यंत्रात बसवून बघायची. काटा बारावर गेला की हिरवी चिठ्ठी, चिठ्ठीवर तिची सही.

आणि एक नियम होता. ड्रायव्हर हातातून पडला, की यंत्रावर तपासल्याशिवाय परत वापरायचा नाही.

लाइनवर द्रौपदी नावाची पोरगी होती. मढची कोळीण, रोज तरीतून खाडी ओलांडून यायची. आदल्या वर्षीच्या श्रावणात, सुट्टी व्हायच्या वेळी, ती सतरा नंबरचा ड्रायव्हर घेऊन धावत आली.

“ताई, पडला गो हातातून. बघून दे ना.”

मावशी पर्स अडकवून निघालेलीच. पार्ल्याच्या देवळात कीर्तन होतं. त्या बुवांचा पूर्वरंग म्हणजे नुसता मध. नमनापासून ऐकला नाही तर मावशीला रात्रीचं जेवण गोड लागत नसे. यंत्र तर झाकूनही झालं होतं. तिनं ड्रायव्हर हातातच फिरवून बघितला. टक् वाजलं.

“वाजतोय की गं! जा, पळ.”

आणि हिरवी चिठ्ठी चिकटवली.

टक् वाजतच होतं. पण बारावर वाजत नव्हतं.

महिन्याभरात दोनशे इस्त्र्या परत आल्या. सैल स्क्रू, जळक्या वायरी. सुपरवायझर अख्ख्या लाइनसमोर ओरडला, “जोर नाही हिच्या हातात! सरळ घरी बस!”

ह्या ड्रायव्हरचा आणि हाताच्या जोराचा काही संबंध नसतो. त्या शेडमध्ये हे सगळ्यात पक्कं कुणाला ठाऊक असेल, तर मावशीला. द्रौपदीनं एकदाच तिच्याकडे बघितलं.

मावशी गप्प राहिली.

द्रौपदीला काढलं. दिवाळीनंतर तिला कावीळ झाली... आणि ती गेली.

आता तो शुक्रवार.

शुक्रवारी कारखान्याला आठवड्याची सुट्टी. पण नव्या ऑर्डरचे चाळीस ड्रायव्हर शनिवारी लाइनवर द्यायचे होते, म्हणून मावशी एकटीच आली. गेटवर राजाराम वॉचमन, बस. तपासणीची खोली म्हणजे पेटीच. खिडकी नाही. धूळ नको म्हणून दाराला फेल्टचं जाड लोकरी अस्तर. सतत एसीची घरघर.

दार मागे आपोआप लागलं. नेहमीच लागायचं.

नऊ ड्रायव्हर झाले. बारा. बारा. बारा.

मग... एसीची घरघर थांबली.

दिवा मात्र चालू होता.

टक्.

मावशीनं हाताकडे बघितलं. तिनं काहीच फिरवलं नव्हतं.

टक्... दाराकडून.

ती उठली. हँडल दाबलं. हलेना. दोन्ही हातांनी दाबलं. भिंतीत चिणल्यासारखं घट्ट.

“राजाराम! ए राजाराम!”

फेल्टनं आवाज गिळून टाकला.

कुलपाच्या पट्टीला चार स्क्रू होते. तिनं एक ड्रायव्हर उचलला, पहिल्या स्क्रूला लावला आणि उलटा फिरवला. हे ड्रायव्हर आवळतानाच टक् करतात. सोडवताना कधीच नाही. पाच वर्षांत एकदाही नाही.

टक्.

तिच्या मानेवर काटा आला. तिनं पुन्हा जोर लावला.

पात्याखाली स्क्रू हलला...

उजवीकडे. आवळायच्या बाजूला.

ड्रायव्हर हातातून गळून पडला. आणि पाठीमागे काहीतरी बारीक कुरकुरलं.

तपासणीचं यंत्र.

त्यात काहीच बसवलेलं नव्हतं. तरी काटा चढत होता. दोन... चार... सहा... सात.

टक्. काटा शून्यावर आला.

परत चढायला लागला. सात. टक्. परत. सात. टक्.

मावशीला कळलं. सतरा नंबरचा ड्रायव्हर त्या दिवशी किती दाखवत होता, ते तिला आज कुणीतरी दाखवत होतं.

तिनं रामनाम घ्यायला तोंड उघडलं. ‘रा’ निघाला, ‘म’ निघेना. हवा कमी पडायला लागली. ती दाराशी खाली बसली.

“द्रौपदी... चूक माझी होती गं. सांगेन मी. सगळ्यांना सांगेन. मला जाऊ दे.”

काटा सातावर थांबला. वर नाही, खाली नाही.

एसी सुरू झाला. आणि दार बाहेरून उघडलं.

“काय ताई, पाच वाजून गेले! चहा पार थंड झाला ना,” राजाराम म्हणाला. मग तिचं तोंड बघून दचकला. “काय झालं?”

“काही नाही रे. हँडल अडकलं होतं.”

एवढंच बोलली ती. बाहेर ऊन होतं, रस्त्यावर रिक्षा होत्या, आणि लाज परत आली होती.

शनिवारी सकाळी उरलेले ड्रायव्हर तपासायला घेतले. पहिला... सात. दुसरा, सात. कालचे बारावाले परत लावले. सात. सात. सात.

तिनं सहदेव फिटरला बोलावलं. त्यानं तेच ड्रायव्हर फिरवले. सगळे बारा.

“काय ताई, तिळगूळ कमी खाल्लास काय?” तो हसला. “जोर नाही तुझ्या हातात!”

मावशीनं ड्रायव्हर खाली ठेवला.

जेवणाच्या सुट्टीत ती लाइनच्या मधोमध उभी राहिली आणि सगळं बोलून टाकलं. चिठ्ठी, सही, गप्प राहणं, सगळं. सुपरवायझर म्हणाला, “आता मेलेल्या बाईचं काय घेऊन बसलात?”

मावशी तशीच यंत्राकडे गेली. ड्रायव्हर फिरवला.

सात.

रविवारी रजा टाकून ती मढला गेली. द्रौपदीची आई, पुतळाबाई, ओट्यावर जाळं सांधत होती. मावशीनं तिचे पाय धरले, सगळं सांगितलं. म्हातारीचा हात थांबला नाही.

“मना कशाला सांगतेस गो बाय?” ती म्हणाली. “जिचं होतं तिला सांग.”

सोमवारी मावशीनं तपासणीच्या खोलीची किल्ली सहदेवच्या हातात दिली. “बाहेरून कुलूप लाव. मी हाक मारल्याशिवाय उघडू नकोस.”

“वेडी झालीस काय तू?”

“लाव म्हणते ना!”

ती आपल्या पायांनी आत गेली. दार लागलं. सहदेव फेल्टला कान लावून उभा राहिला. बराच वेळ काहीच नाही. मग टक्... टक्... टक्... पूर्ण लाइन कामाला बसल्यासारखं. आत तर मावशी एकटी होती.

पाऊण तासानं तिनं हाक मारली. ती बाहेर आली ती घामानं निथळत. त्याच दिवशी राजीनामा दिला.

आत काय झालं, ते तिनं कुणालाच सांगितलं नाही. आईनं मात्र पिच्छा सोडला नाही. एकदा कीर्तनाहून परतताना तिनं थेट विचारलं, “एवढं तरी सांग सुलू. माफ केलं का गं तिनं?”

मावशी चालता चालता थांबली. मागे वळून बघितलं. मग अगदी हळू म्हणाली,

“बघते म्हणाली.”